मागची रांग

जेवणाच्या सुट्टीत कॅशिअरबाईंनी मोबाइल तिच्यापुढे धरला तेव्हा ती डब्याचं झाकण उघडत होती. ते अर्धवटच राहिलं. पडद्यावर पाणी होतं, पाण्यापलीकडे लव्हाळ्याची हिरवट-तपकिरी भिंत हळूहळू मागे सरकत होती आणि कुणाचा तरी अंगठा मधूनच कोपऱ्यात डोकावत होता. "आमच्या ह्यांचा अंगठा," कॅशिअरबाई म्हणाल्या. "प्रत्येक फोटोत आहे बघ. पक्षी चार, अंगठे चाळीस." एरवी ती हसली असती. पण त्या अंगठ्यापलीकडून, लाउडस्पीकरमधून एक आवाज येत होता. "डावीकडे बघा. पाणकोंबडी. बोटीत बसलोय म्हणून बोट दाखवायचं असं नाही हं, तिला ते आवडत नाही. आपल्यालाही कुठे आवडतं?" मागे माणसं हसली. कॅशिअरबाईही पुन्हा एकदा हसल्या. "काय गोड बोलतो गं मुलगा. कुठे थांबणं नाही की काही नाही." ती झाकणावर हात ठेवून तशीच बसली. तो आवाज तिच्या मुलाचा होता, आणि तो तिच्या मुलाचा असणं शक्य नव्हतं.

"परत लाव," ती म्हणाली. कॅशिअरबाईंनी परत लावलं. चेहरा दिसत नव्हता. पाठमोरी टोपी, खाकी शर्ट, डावा खांदा किंचित उतरता. तो खांदा तिच्या माहेरचा होता, तिच्या वडिलांचा, भावाचा, तिचा स्वतःचा. पण तिचं लक्ष खांद्याकडे नव्हतं, 'प'कडे होतं. पाणकोंबडी. पंख. पिल्लं. एकामागून एक 'प' येत होते आणि चपला घालून दाराबाहेर पडावं तसे सहज बाहेर पडत होते. तिच्या मुलाला 'प' येत नसे. ओठ मिटायचे ते मिटलेलेच राहायचे, डोळे बंद व्हायचे, मान मागे जायची आणि आत काहीतरी धडका मारत राहायचं. 'क' आणि 'ब'ही अडायचे, पण 'प'ने त्याचा जीव काढला. लहानपणी त्याने यावर स्वतःच तोड शोधली. पाणी हवं असलं की 'तहान लागली' म्हणायचा. पेन अडतं म्हणून लेखणी, पुस्तक अडतं म्हणून ग्रंथ. "माझा भूगोलाचा ग्रंथ हरवला," असं त्याने चौथीत बाईंना सांगितलं आणि वर्गाने त्याचं नाव पंडित ठेवलं. नावही नेमकं असं, की त्याला ते उच्चारता येऊ नये. शेजारपाजारचे कौतुक करत, एवढंसं पोर आणि काय शुद्ध बोलतं! तीही हसून मान डोलवायची. खरं कारण तिने कधी कुणाला सांगितलं नाही. लाजाळू आहे, एवढंच सांगायची. ऑफिसातही सगळ्यांना इतकंच ठाऊक होतं. आणि आता कॅशिअरबाई, तो कुणाचा हे ठाऊक नसताना, त्या लाजाळू मुलाचं बोलणं तिलाच ऐकवत होत्या.

दुपारभर तिच्या पेन्सिलीला धार राहिली नाही. ती विमा कंपनीत स्टेनो होती, जुनी माणसं जातात आणि त्यांच्या खुर्च्यांसकट कामंही जातात अशा ऑफिसातली शेवटची. साहेब वाक्य सुरू करून खिडकीबाहेर बघत राहत, आणि त्यांना शब्द सापडेपर्यंत तिच्या हाताने वाक्य पुरं केलेलं असे. बहुतेक वेळा साहेबांना सापडलेल्या शब्दापेक्षा तिचाच बरा असायचा. "तुम्ही माझ्या डोक्यात बसला आहात की काय?" साहेब म्हणत. घरीही तेच. मुलाचे ओठ मिटले की ती सुरू व्हायची: पाणी? पंखा? पैसे? तो मान हलवायचा, आडवी, आडवी, मग उभी. पुढे पुढे तिचा पहिलाच शब्द बरोबर येऊ लागला. त्या दोघांचा तो एक खेळ झाला होता, असं तिला वाटायचं. पाहुणे आले की तो वाक्य सुरू करायचा आणि ती संपवायची, इतकं बेमालूम की पाहुण्यांना पत्ता लागत नसे. त्यात चुकलं काय? तहानलेल्या मुलाला आईने ताटकळत ठेवायचं का? आज मात्र साहेब "आपल्या दिनांक" एवढंच म्हणून थांबले आणि तिचा हातही थांबला. साहेबांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

मुलगा घरातून गेला त्यालाही फोनच कारण झाला होता. एका कंपनीचा मुलाखतीचा फोन आला. तो पलंगावर फोन कानाला लावून बसला आणि 'हॅलो'सुद्धा येईना. पलीकडचा माणूस हॅलो, हॅलो करत होता. तेव्हा तिच्या नवऱ्याने, जो नगरपालिकेत पाण्याचे मीटर तपासायचा आणि ज्याला दिवसभर लोकांच्या जिन्याखाली वाकून स्वतःशीच बोलायची सवय होती, त्याने मुलाच्या हातातून फोन घेतला. "हो, मीच बोलतोय," तो म्हणाला, आवाज जरा पातळ करून, तरुण करून. मग वीसेक मिनिटं तो स्वतःचा मुलगा होऊन बोलला. आपण कोणत्या विषयात हुशार होतो ते त्याने सांगितलं. "माणसांत मी चटकन मिसळतो," असंही सांगितलं. मुलगा गुडघे पोटाशी घेऊन बापाकडे बघत होता. ती चहा घेऊन दारात उभी होती, कप निवत होते, आणि प्रत्येक उत्तराला ती मान हलवत होती: छान, बरोबर, अगदी बरोबर. नोकरी लागली. नवऱ्याने मिठाई आणली. नवा शर्ट घालून मुलगा पहिल्या दिवशी कामावर म्हणून बाहेर पडला आणि संध्याकाळी नुसता निरोप आला: मी ठीक आहे, नदीवर एका कंपनीत काम मिळालंय, फोन करू नका. नदीवर म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे दोरखंड आले, डिझेलचे डबे आले, ज्यात बोलावं लागत नाही असं काहीतरी आलं. तेव्हापासून निरोप येत, सगळे लिहिलेले, सगळे दोन ओळींचे. नवरा ते वाचत नसे. कधीतरी टीव्ही बंद करता करता म्हणायचा, "मी काय त्याचं वाईट केलं?" आणि हे तो टीव्हीला विचारत असल्यासारखी ती आत निघून जायची.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिने कॅशिअरबाई गेल्या होत्या त्याच बोटफेरीच्या बसचं तिकीट काढलं. नवऱ्याला ऑफिसची सहल सांगितली. "या वयात सहल?" तो म्हणाला, मग जरा थांबून, "ऊन असेल. डोक्याला काहीतरी बांध." तिने रुमाल बांधला, काळा चष्मा घेतला, दुकानाच्या आरशात स्वतःला बघून तिला वाटलं की ही बाई काहीतरी चोरायला निघाली आहे. बसमध्ये तिच्या शेजारी एक टोपीवाले गृहस्थ होते, निवृत्त असावेत, गळ्यात दुर्बीण. त्यांनी तिला दुर्बिणीची किंमत सोडून बाकी सगळं सांगितलं. ती हूं हूं करत होती आणि मनात एकच गोष्ट घोळवत होती: आपण कशाला चाललोय? बघायला. नुसतं बघायला. मागे बसायचं, ऐकायचं आणि परत यायचं. आई म्हणून समोर जायचं नाही. तिने रात्रंदिवस त्याचा विचार करून एक गोष्ट पक्की केली होती आणि ती दुखऱ्या दाढेसारखी जिभेने पुन्हा पुन्हा चाचपत होती. घरात तो अडत होता. घराबाहेर पडला आणि अडायचा थांबला. याचा अर्थ लावायला पंडित कशाला लागतो?

धक्क्यावर लाइफ जॅकेटं वाटली गेली. ओलसर रबराचा, शेवाळाचा आणि कुणाच्या तरी घामाचा वास. ती शेवटच्या रांगेत, एका रुंद पाठीच्या बाईंमागे बसली. बोट चालवणारे काका तिच्या मागेच उंचावर उभे होते, हातात चाक. आणि मग पुढून तो आला. दाढी वाढवली होती. उन्हाने मान काळी पडली होती, शर्टाची बाही दुमडलेली होती आणि मनगटावर तिला माहीत नसलेला एक जुना व्रण होता, म्हणजे तो तिच्या माघारी झाला होता आणि तिच्या माघारीच बराही झाला होता. त्याने माइक तोंडाशी घेतला. तिचे ओठ आपोआप मिटले. शाळेच्या संमेलनात, तोंडी परीक्षेच्या खोलीबाहेर, दाराशी आलेल्या पाहुण्यांपुढे मिटायचे तसेच, घट्ट, दातांवर. "नमस्कार," तो म्हणाला. "आपण आता पाण्याच्या घरात शिरणार आहोत. दुसऱ्याच्या घरात जाताना चपला बाहेर काढतो, तसा इथे आवाज बाहेर काढून ठेवायचा. जाताना ज्याचा त्याला परत मिळेल."

लोक हसले. बोट हलली. धक्का, बस, तिकिटाची खिडकी मागे पडली आणि नदी रुंद होता होता फाटत गेली, तिच्या वाटा झाल्या, वाटांच्या गल्ल्या झाल्या. पाणी आता वाहत नव्हतं, नुसतं होतं. दोन्ही बाजूंनी लव्हाळी, मधे मधे पाणकणसांची तपकिरी बोंडं, कुठे चिखलाची काळी पाठ उघडी पडलेली. पाणकावळे खुंटांवर पंख वाळत घालून बसले होते. खंड्या एक निळी रेघ मारून गेला. कमळपक्षी पानापानावरून चालत होता आणि पान बुडायच्या आत पुढच्या पानावर जात होता. हे सगळं तिला त्याच्या आवाजातून दिसत होतं. तो म्हणेल तिकडे तिची मान वळत होती. एकही शब्द अडला नाही. चिखलावर मगर पडली होती, आ वासून. "तिला भूक नाही लागलेली," तो म्हणाला, "उकडतंय. आपण पंखा लावतो, ती तोंड उघडते." पंखा! तिने डोळे मिटले. पंखा म्हणायचा म्हणून हा मुलगा एकदा उन्हाळ्यात घामाने निथळत बटणाखाली उभा राहिला होता, बटणापर्यंत हात पोचत नव्हता, आणि ती स्वयंपाकघरातून ओरडली होती, पंखा ना? लावते, थांब! तिला आनंद व्हायला हवा होता. ती त्या आनंदाची वाट बघत होती. पण आनंद येत नव्हता, आणि जे येत होतं त्याला नाव द्यायला ती धजत नव्हती. अनोळखी माणसांना त्याने हा आवाज दिला होता. तिकीट काढून येणाऱ्या कुणालाही. रुंद पाठीच्या बाईंना, टोपीवाल्यांना, कॅशिअरबाईंच्या नवऱ्याच्या अंगठ्याला. आणि ज्या घराने त्याला वाढवलं तिथे फक्त त्या धडका ठेवून गेला होता.

टोपीवाल्यांनी मधेच हात वर केला. "इथे पाणी किती खोल असेल हो?" तो पुढे बघत राहिला आणि मागून काकाच म्हणाले, "दोन पुरुष असेल. पावसात चार." थोड्या वेळाने कुणीतरी मगरीच्या अंड्यांविषयी विचारलं, तेव्हाही काकाच बोलले. तिला त्यात काही वाटलं नाही. मोठं माणूस आहे, सवय असेल मधे बोलायची.

मग पाणमांजरं आली. त्याने ती सांगितली नाहीत, कारण त्याने ती पाहिलीच नव्हती. त्याचं तोंड उजवीकडे होतं आणि ती डावीकडून, बोटीच्या अगदी बगलेतून वर आली. ओले तुळतुळीत माथे, मिशा, एक मोठं आणि त्यामागे छोटी. मोठ्याच्या तोंडात मासा तडफडत होता. "बाई गं!" कुणीतरी म्हणालं आणि सगळी बोट उठली. रुंद पाठीच्या बाई उठल्या, टोपीवाले दुर्बीण सावरत उठले, पुढच्या रांगा उठल्या, सगळे डाव्या कठड्याकडे लोटले आणि बोट त्या अंगावर कलली. तिच्या पायाखालची फळी तिरपी झाली. कठड्यापाशी एक लहान मुलगी पोटावर वाकली होती, तिचे पाय जमिनीवरून सुटलेले होते. तो वळला. माइक तोंडापाशी होता. त्याचे ओठ मिटले आणि मिटलेलेच राहिले. लाउडस्पीकरमधून नुसता "ब्", मग "ब्", मग काहीच नाही, बंद दाराच्या आतून कुणी खांदा मारावा तसं. डोळे बंद. मान मागे.

"बसा!" ती ओरडली. "खाली बसा सगळे! त्या मुलीला धरा!"

ऑफिसातल्या खोलीभर जाणारा, शब्दाच्या कडा धारदार असलेला तो आवाज होता. लोक बसले. कुणीतरी मुलीला मागे ओढलं. बोट सरळ झाली, पाण्यात दोनदा डुचमळली आणि स्थिर झाली. पाणमांजरं गेली होती. तो तिच्याकडे बघत होता. रुमाल, काळा चष्मा, यांतून आरपार. ती उभीच होती. सगळे बसले होते आणि एकटी तीच उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. मग तो पुढे वळला, माइक उचलला आणि बोलू लागला: पुढच्या वळणावर बगळ्यांची वसाहत आहे, डहाळीडहाळीवर घरटी आहेत, भाडं कुणी देत नाही. लोक हसले. आवाज तसाच, सपाट, वाहता. तिला एकही शब्द ऐकू आला नाही. तिला फक्त एवढंच कळत होतं की ती आली आणि तो अडला. एवढा दूर पळून आला, नवं तोंड घेऊन उभा राहिला, आणि शेवटच्या रांगेत आई दिसताच पुन्हा पूर्वीसारखा कुलूपबंद झाला. परतीचा सगळा वेळ ती लाइफ जॅकेटचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती.

धक्क्यावर लोक उतरले, जॅकेटांचा ढीग झाला. ती बसकडे निघाली होती. बस सुटेपर्यंत आत बसून राहायचं आणि मान वर करायची नाही, असं तिने ठरवलं होतं. मागून पावलं आली.

"आई."

ती थांबली. वळायच्या आधीच बोलायला लागली. "मी जाते. मी नुसतं बघायला आले होते, मी येणारच नव्हते रे समोर. मला कळलं ना सगळं. तू किती छान बोलतोस आणि मी आले म्हणून तुझं—"

"थ-थांब," तो म्हणाला. "मला बोलू दे."

ती थांबली. त्याने टोपी काढली. केस कपाळाला चिकटले होते.

"तू मला आधी द-दिसलीच नव्हतीस. आधी अडलं. मग तू ओरडलीस. मग दिसलीस."

"अरे, पण बाकी सगळं तर—"

"बाकी पाठ आहे." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "सगळं प-प-पाठ. ते अंगाईसारखं आहे, त्यात अडत नाही. रोज तेच. विनोदसुद्धा तेच. कुणी काही विचारलं की क-काका बोलतात. तसं आमचं ठरलंय. पाठातलं नसलं की मी हा असाच."

तिच्या आत काहीतरी सैल झालं आणि त्या जागी पोकळी राहिली, आणि ती पोकळी तिला सहन होईना. म्हणजे आपल्यामुळे नव्हतं. आपण गेलो म्हणून बरंही झालेलं नव्हतं. गेले कित्येक दिवस जे पाप तिने उराशी धरून जपलं होतं, ते तिचं नव्हतंच; कुणाचंच नव्हतं. आणि ते हातातून जाताना तिला वाईट वाटलं, याची तिला शरम वाटली.

"ती मुलगी पडली असती," ती म्हणाली. काहीतरी हातात ठेवायला हवं होतं.

त्याने गळ्यातली दोरी ओढून शर्टातून एक शिट्टी बाहेर काढली. पिवळी, प्लास्टिकची. "याच्यासाठी ही आहे. हात गेलाच होता. आणि बोट एवढ्याने उ-उलटत नाही, आई. तिचा तळ तसा आहे." मग तिचा चेहरा बघून जरा मऊपणे, "रोज कुणी ना कुणी उठतंच."

बसचा हॉर्न वाजला. टोपीवाले चढत होते. ती काय बोलावं ते शोधत होती आणि तिला घर सोडून दुसरं काही सापडत नव्हतं. "बाबांना माहीत नाही, मी इथे आलेय. ते काही वाईट मनाने नव्हते रे बोलले त्या दिवशी फोनवर."

"माहितीये."

"घरी ये एकदा."

त्याने मान हलवली, आडवी. "तूच ये. त्यांनाही आण. प—"

ओठ मिटले. तिला लगेच कळलं. पण. पण त्यांना सांग, बोलायचं नाही. पण आधी कळव. पण वाद नको. तिच्या जिभेवर सगळे येऊन उभे राहिले, दारात गर्दी करून. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. त्याला 'मात्र' म्हणता आलं असतं, 'तरी' म्हणता आलं असतं. लहानपणी त्याने तेच केलं असतं, एका क्षणात वळसा घालून निघून गेला असता. आज तो वळसा घालत नव्हता. 'प'पाशीच उभा होता, आणि त्याचे डोळे उघडे होते, सरळ तिच्यावर. ते बघणं तिला कठीण जात होतं. त्याच्या गळ्यातली शीर ताठ झाली होती, हनुवटी थरथरत होती, बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. तिने चष्मा काढला. तोंड मिटून उभी राहिली.

"—पण मागे नको बसूस," तो म्हणाला. "मागे बसलं की मला व-वाटतं, कुणीतरी तपासायला आलंय."

हे तिला सुचलं नव्हतं. हजार वर्षांत सुचलं नसतं. "बरं," ती म्हणाली. आणखी काही म्हणायला हवं होतं, पण तोवर तो वळून जॅकेटांच्या ढिगाकडे गेला होता आणि एकेक उचलून झटकत होता.

बस निघाली. टोपीवाले तिच्या शेजारी टेकले, दुर्बीण पिशवीत ठेवली आणि समाधानाने हुश्श केलं. "तुम्ही वेळेवर ओरडलात हो. नाहीतर कठीण होतं," ते म्हणाले. "पण मुलगा चांगला आहे. काय बोलतो! एवढं सगळं, आणि कुठे अडखळणं म्हणून नाही."

"अडखळतो," ती म्हणाली.

"छे छे, मी तर ऐकत होतो सगळा वेळ."

"अडखळतो," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पुढच्या सीटवरच्या बाईंनी मागे वळून बघितलं. "लहानपणापासून. माझा मुलगा आहे तो."

टोपीवाले जरा सरकून बसले, जणू तिला जास्त जागा लागणार होती, आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर आता नुसती सपाट शेतं होती.